परात सांडायची नाही

वनिताताईला पाडणं अगदी सोपं होतं. आमच्या क्लासमधलं कोणीही तिला पाडायचं, पंधरा दिवसांपूर्वी आलेला मुलगासुद्धा. ती स्वतःच म्हणायची, "उभ्याउभ्याचं मना काय कळत नाय. पाडा लवकर, टाइम नका घालवू." अडचण त्यानंतर सुरू व्हायची. तिला खाली ठेवणं कोणालाच जमायचं नाही. मला तर नाहीच.

तिच्याविषयी लिहायचं ते कौतुकाने लिहायचं, असं ठरवून मी बसले होते. दोन पानं लिहून फाडली. त्यात ती फार थोर आणि मी फार नम्र दिसत होते. खरं असं आहे की या बाईचा मला दोन वर्षं हेवा वाटला, आणि अजूनही वाटतो. तो बाजूला ठेवून तिच्याबद्दल लिहिता येत नाही.

आमचा क्लास ग्रॅपलिंगचा. कुस्तीच म्हणा, पण पाठ टेकली की संपणारी नव्हे. पडल्यावरही चालू राहते. वरच्याने खालच्याला दाबून ठेवायचं, हात किंवा मान अडकवायची. खालच्याने सुटून पुन्हा पायांवर उभं राहायचं. हार मानायची असेल तर समोरच्याच्या अंगावर किंवा मॅटवर हाताने दोनदा थापटायचं. त्याला टॅप म्हणतात. टॅप झाला की वरच्याने तिथल्या तिथे सोडायचं, खेळ संपला.

डोंबिवलीला मानपाडा रोडच्या मागे, एमआयडीसीतल्या एका गाळ्यात हा क्लास भरतो. पूर्वी तिथे प्लास्टिकचे डबे बनायचे. उन्हाळ्यात पत्रे तापले की अजून तो वास येतो. मी तिथे जायला लागले तेव्हा एकवीस वर्षांची होते. मी फारसं बोलत नाही, त्यामुळे मला अशी जागा बरी वाटली जिथे बोलावं लागत नाही. वनिताताई माझ्यानंतर आठ महिन्यांनी आली. हे आठ महिने मी पुढे बरेच दिवस मनात धरून होते.

ती आली ती मुलीला घेऊन. मुलगी चार दिवस आली आणि पाचव्या दिवशी तिला डान्सला जायचं होतं. ताई मात्र सहाव्या दिवशी एकटीच आली. पायातल्या चपला बाहेर नीट जोडून ठेवल्या आणि म्हणाली, "सर, पोरगी नाय येत बोलते. मी येऊ?"

सर साताऱ्याकडचे, लहानपणापासून तालमीतले. बायकांशी बोलताना त्यांचा आवाज उगाच खाली येतो. "ताई, इथे लोळावं लागतं हो."

"लोळायचं कुठं? चार दिस बघतेय, तुम्ही उठायचंच शिकवताय."

ती तेव्हा चौतिशीची असेल. बुटकी, रुंद मनगटांची. जवळच्याच आगरी गावातली; त्या गावाच्या शेतांवर आता आमच्यासारख्यांचे टॉवर आहेत. आमच्याशी ती आमच्यासारखं बोलायला बघायची, पण दमली की तिची स्वतःची बोली वर यायची. अंगात नवऱ्याचा टी-शर्ट, त्याच्या पाठीवर गावातल्या कुठल्याशा क्रिकेट चषकाचं नाव. मॅटवर यायच्या आधी बांगड्या आणि मंगळसूत्र काढून एका स्टीलच्या डबीत ठेवायची. एक जोडवं बोटातून निघत नसे, त्यावर पांढरी पट्टी गुंडाळायची. रोज. आणि मग सांगितलं नसताना कोपऱ्यातला झाडू घेऊन सगळी मॅट झाडायची. आम्ही भिंतीला टेकून फोन बघत असायचो.

पहिल्या दिवशी सरांनी तिला काहीच शिकवलं नाही. पाठीवर झोपायला सांगितलं आणि म्हणाले, "उठून दाखवा. कसंही." नवीन माणसाची ते अशीच परीक्षा घेतात. नवीन माणूस आधी पालथा होतो, मग दोन्ही हात टेकतो, गुडघे टेकतो आणि उठतो. पालथं होणं म्हणजे वरच्याला पाठ देणं. तिथेच खेळ संपतो.

ताई पालथी झाली नाही. कुशीवर वळली, मागचा एक हात टेकला, एक पाय रोवला, कंबर उचलली, दुसरा पाय त्या कमानीखालून मागे ओढला आणि उभी राहिली. पुढचा हात सगळा वेळ छातीसमोर वाकवलेला होता, हलला नाही.

माझ्या वहीत हे नऊ पायऱ्यांत लिहिलेलं होतं. सर सगळं इंग्लिशमध्ये सांगायचे, आणि मी इंग्लिश मीडियमची, त्यामुळे वर्गात सर्वात नीट टिपणं माझी. फ्रेम म्हणजे छातीसमोर वाकवलेला हात, पोस्ट म्हणजे मागे टेकलेला, मग हिप्स. प्रत्येक पायरीला आकृती. आठ महिने मी त्या नऊ पायऱ्या करत होते आणि सहाव्या पायरीला बसकण मारत होते.

सरांनी तिला तीनदा करायला लावलं. "हे कुठे शिकलात?"

"काय शिकायचं त्यात? उठले."

"नाही, तो पुढचा हात. तो असा का धरलात?"

ताईने स्वतःच्या हाताकडे पाहिलं, तो आपला नसल्यासारखं. मग हसायला लागली. "परात, सर! भाकऱ्यांची परात. हाताला सवय लागलीय. खाली बसून थापायच्या, परात भरली की घेऊन उठायचं. दोन्ही हात टेकवले तर परात कोण धरंल? सगळी सांडायची."

ती हळदींच्या ऑर्डरी घ्यायची. त्या गावांत लग्नाच्या आदल्या दिवशीच्या हळदीला अख्खा गाव जेवतो आणि तांदळाच्या शेकडो भाकऱ्या लागतात. ताई आणि तिच्या दोन जावा दुपारपासून चुलीपुढे बसायच्या. एका हळदीत किती वेळा उठावं लागतं, असं सरांनी विचारलं तर म्हणाली, "ते कोण मोजतंय?"

त्या दिवसापासून क्लासमध्ये फ्रेम आणि पोस्ट हे शब्द संपले. कोणी खाली अडकलं की सर बाहेरून ओरडायचे, "परात! परात सांभाळ!" आणि तेवढं सगळ्यांना कळायचं. माझी वही मी बॅगेतून काढेनाशी झाले.

तिची एक सवय मात्र सरांना मोडता आली नाही. आपल्याकडे कोणाला पाय लागला की आपण त्याला हात लावून तो हात छातीला नेतो, तशी. सगळेच करतात, रिक्षात शेजारच्या माणसालाही. पण आमच्या खेळात पाय लागणार नाही असा एक क्षण नसतो. पहिले काही दिवस ताई दर दोन सेकंदांनी थांबायची. पाय पोटाला लागला, थापटून नमस्कार. मांडीला लागला, पुन्हा नमस्कार. सुयोग म्हणून आमच्यात एक पंच्याण्णव किलोचा मुलगा आहे, बँकेत काम करतो. तो वैतागून म्हणाला, "ताई, मी काय देव आहे काय? लाथ मार ना बिनधास्त!"

"देव नाय रे, माणूस हाय म्हणून तर."

हळूहळू अंगाचं सुटलं. डोक्याचं सुटलं नाही. डोक्याला किंवा तोंडाला पाय लागला की कितीही अटीतटीचं चाललेलं असो, तिचा हात यायचाच: समोरच्याच्या खांद्यावर दोन थापा आणि मग स्वतःच्या कपाळाला. आणि तिचा हात म्हणजे भाकऱ्या थापणारा हात. थाप पूर्ण गाळ्यात ऐकू जायची.

"ताई, हे टॅपसारखं दिसतं," सर म्हणायचे. "एखाद दिवशी पंच तुम्हाला हरवून टाकेल."

"अंगाला लागला तर चालवून घेते ना मी? डोक्याला नाय चालवू शकत. राहू द्या तेवढं."

मी हे सगळं बघत असायचे. मला तिची चूक कुठे होते ते बघायला आवडायचं. एवढी एकच सापडली होती.

खाली असताना ती काय करते, ते मी अभ्यासासारखं पाहिलं आहे. एकदा सुयोग तिच्यावर आडवा पडला होता, छातीवर छाती. माझ्यावर कोणी असं पडलं की मी दोन गोष्टी करते: आधी घाईघाईने धडपडते आणि मग छताकडे बघत गप्प पडते. ताईने यातलं काही केलं नाही. तिने मान वळवून नाकाला हवा मोकळी केली आणि पडून राहिली. सुयोगला वाटलं, झालं. तो हात शोधायला जरासा वर सरकला, वीतभर. तेवढ्यात ती कुशीवर वळलेली होती. मग परात. मग ती उभी, आणि सुयोग गुडघ्यांवर, हातात काही नाही.

"कसली निसटतेस यार ताई तू," तो म्हणाला.

"इथं काय झोपायची जागा हाय?" ती म्हणाली. हे ती नेहमी म्हणायची. उठून उभी राहिली की टी-शर्ट खाली ओढत, रागाने नाही, मॅटवर कोणीतरी कचरा टाकल्यासारखं.

तिच्या पुतण्याच्या हळदीला तिने सगळ्या क्लासला बोलावलं. मला गर्दीत जायला नको वाटतं, पण मी गेले, कारण मला तिला उठताना बघायचं होतं. मांडवात डीजे लागला होता. मागच्या अंगणात चुली होत्या आणि तिथे ती बसली होती, जरीची साडी गुडघ्यांपर्यंत खोचून. पिठाचा गोळा, पाण्याचा हात, थापा, तवा. भरलेली परात डाव्या हातावर आली की उजवा हात मागे जायचा, एक पाय रोवला जायचा, आणि साडीसकट ती वर. बोलणं मध्ये थांबत नव्हतं. जावेला कोणाचं तरी ठरलेलं लग्न मोडल्याची गोष्ट सांगत होती आणि त्या गोष्टीतच उठत-बसत होती.

मला बघून ओरडली, "ये गो बाय! बस अशी माझ्याजवळ!"

मी मांडी घालून बसले. आमच्या घरी डायनिंग टेबल आहे. अर्ध्या तासाने मला जेवायला उठवलं तेव्हा माझे दोन्ही पाय बधिर झाले होते आणि दोघींनी काखेत हात घालून मला उभं केलं. तिची थोरली जाव म्हणाली, "ही तुझ्यासोबत कुस्ती खेळते?"

"खेळते तर! पाडते मला," ताई म्हणाली. "लय सुंदर पाडते. मना तसं पाडता येत नाय."

हे खरं होतं. पाडण्यात मी चांगली होते. पण तिने ते असं चारचौघींत, इतक्या सहज सांगून टाकलं की मला राग आला. तिच्याकडचं मला हवं होतं तेव्हा मी तिच्याबद्दल कोणाकडे एक चांगला शब्द बोलले नव्हते.

घरी आल्यावर मी मम्मीची परात काढली. त्यात पाणी घातलं आणि दिवाणखान्यात पाठीवर झोपले. पहिल्या प्रयत्नात परात छातीवर, दुसऱ्यात सोफ्यावर. मम्मी आतून आली आणि दारातच उभी राहिली.

"हे काय चाललंय?"

"प्रॅक्टिस."

"कसली? वाढपी होणारेस?"

मी लादी पुसली. महिनाभर रोज करत राहिले, पाणी कमी कमी करत. शेवटी रिकामी परात घेऊन मला उठता येऊ लागलं. रिकामी.

त्या वर्षीची जिल्ह्याची निवड स्पर्धा ठाण्याला झाली. आमच्या वजनगटात चौघीच होत्या. त्यातली पहिली कोल्हापूरला राज्य स्पर्धेला जाणार होती, फक्त पहिली. ताईने त्यासाठी आधीच एक निळी बॅग घेऊन ठेवली होती. क्लासमध्ये आणून दाखवली, लेबलसकट. "कोनाचं लगीन नाय, कोनाचं मयत नाय, आनि मी गावाला जातेय," ती म्हणाली. "आमच्या घरात माझ्या आधी अशी कोन गेली नाय. सासू बोलली, जिंकलीस तर जा. मी बोलली, बघाच." मीही घरी सांगितलं होतं की मी जाणार. घरात माझं कोणी काही फार ऐकत नाही, पण हे ऐकलं होतं.

दोघी आपापली पहिली कुस्ती जिंकलो आणि अंतिम फेरीत समोरासमोर आलो. सर म्हणाले, "माझ्यासाठी दोघी सारख्या, मी कोणाच्याच बाजूने कोपऱ्यात बसणार नाही," आणि खरंच दुसऱ्या मॅटवर आमच्या मुलांची कुस्ती बघायला गेले. ताईच्या गावाहून एक टेम्पो भरून माणसं आली होती. माझ्याकडून मी कोणाला बोलावलं नव्हतं.

नियम साधे होते. नीट पाडलं की दोन गुण. खालून सुटून उभं राहिलं की एक. बरोबरी झाली तर शेवटचा गुण जिचा, ती जिंकली. मी तिला दोनदा सुरेख पाडलं, चार. नंतर ओढाताणीत ती आणखी दोनदा खाली गेली, पण त्याचे गुण नव्हते. आणि दर वेळी ती उठली. कधी वाट बघून, कधी लगेच, पण उठली. चार-तीन असताना ती चौथ्यांदा खाली होती, मी वर होते, आणि अर्धं मिनिट उरलं होतं.

माझ्यात काही शिल्लक नव्हतं. मी नुसतं वजन टाकलं होतं. मला तिचा श्वास ऐकू येत होता, सावकाश चाललेला. मग ती कुशीवर वळली. मागचा हात टेकला. तिची कंबर उचललेली मला माझ्या पोटाखाली कळली आणि मला माहीत होतं की आता पुढे काय होणार. शंभर वेळा पाहिलं होतं. तिने पाय मागे ओढला आणि त्या ओढण्यात तिची टाच माझ्या कानशिलावर बसली. जोरात.

ती उठत होती. अर्धी उठलीच होती. आणि तशात तिचा पुढचा हात, तो कधी न हलणारा परातीचा हात, सुटला आणि माझ्या खांद्यावर आला. थाप, थाप. आणि तिथून तिच्या कपाळाकडे.

शिट्टी वाजली.

पंच माझ्या मागे उभे होते. त्यांना दोन थापा दिसल्या, बहुतेक ऐकू आल्या. कपाळ दिसलं नसणार. ते परराज्यातले होते, मराठी जेमतेम. ताई हसली. तिला वाटलं काहीतरी गंमत झालीय. "अहो नाय नाय, पाय लागला तिला! डोक्याला पाय लागला!" पंचांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळून इंग्लिशमध्ये विचारलं की हिने टॅप केलं का.

मला वेळ होता. नंतर मी स्वतःला सांगत राहिले की कानशिलावर लागल्यामुळे मला सुचत नव्हतं. सगळं सुचत होतं. चार-चार होणार होते आणि शेवटचा गुण तिचा असणार होता, हे मला दिसत होतं. टेम्पोतून आलेली माणसं दिसत होती. सरांची पाठ दिसत होती.

"येस," मी म्हणाले.

पंचांनी माझा हात वर केला. टेम्पोतली माणसं ओरडायला लागली, तिचा नवरा टेबलापाशी जाऊन भांडायला लागला. ताईचं हसू जागच्या जागी राहिलं होतं. तिला इंग्लिश येत नव्हतं, पण येस कळायला इंग्लिश लागत नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. ती जवळ आली आणि माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"लय लागलं काय गो?" ती म्हणाली. "सुजलंय. बर्फ लाव."

सर धावत आले तेव्हा निकाल लिहून झाला होता. त्यांनी तिला विचारलं, तुम्ही टॅप केलं? ती म्हणाली, "तुम्ही बोलला व्हता ना एक दिवस असं व्हईल." तिने माझं नाव घेतलं नाही. सरांनी मला काही विचारलं नाही. मी विचारण्यासारखी मुलगी नव्हते. मी वहीत सगळं नीट लिहून ठेवणारी मुलगी होते.

कोल्हापूरला मी पहिल्याच फेरीत हरले. समोरचीने मला पाडलं आणि कुस्तीचा उरलेला सगळा वेळ मी पाठीवर होते. छताला पांढरे पंखे होते. मी ते मोजले, चौदा.

परत आल्यावर ताईने विचारलं, "कशी झाली?"

"खालीच राहिले."

तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी क्लास संपल्यावर मला थांबवलं आणि बॅगेतून परात काढली. खरीच परात, पितळेची, कडेला चेपलेली. बॅग तीच, निळी; लेबल काढून टाकलेलं होतं. "झोप," ती म्हणाली. परातीत तिने चार मुठी तांदूळ टाकले. "सांडायचे नाय. पाण्यात तू घाबरतंस. तांदूळ सांडले तर परत भरता येतात."

मी तिला पाण्याबद्दल कधीच सांगितलं नव्हतं. नंतर आठवलं, सुयोगला सांगितलं होतं, चेष्टेत.

आठवडाभर ती मला शिकवत होती. माझ्याजवळ बसून, माझी कंबर हाताने उचलून. "तू हात टेकवून मग विचार करतंस. विचार आधी कर ना, खाली असताना. खाली लय टाइम असतो." मला वाटायचं, आता बोलावं. आता. मग वाटायचं, हिच्याकडे हेही आहे. मी जे तिचं घेतलं त्याच्यावर बसून ती मला शिकवू शकते. हे मला कधी जमलं नसतं, आणि त्याचाही मला इतका हेवा वाटला की त्यात सांगायचं राहून गेलं. आठव्या दिवशी ती आली नाही. सर म्हणाले, लग्नाचा सीझन आहे, येतील. सीझन संपला. कोपऱ्यातला झाडू तसाच उभा. शेवटी एक दिवस मी मॅट झाडली. सुयोगशिवाय कोणाचं लक्ष गेलं नाही.

त्यानंतर ती मला एकदाच दिसली, मागच्या महिन्यात, कल्याणला. मी स्टेशनकडे चालले होते आणि धान्याच्या घाऊक दुकानांच्या ओळीत ती एका बंद दुकानाच्या वरच्या पायरीवर बसली होती, शेजारी तांदळाची गोणी, टेम्पोची वाट बघत. मी रस्त्याच्या या बाजूला थांबले. निघून जाता आलं असतं. तिने पाहिलं नव्हतं.

मी रस्ता ओलांडून तिच्या खालच्या पायरीवर जाऊन बसले. वाक्य तयार होतं, वर्षभर होतं.

"ताई, तू टॅप केलं नव्हतंस."

ती माझ्याकडे बघत राहिली. "हे तू मना सांगतंस?" ती म्हणाली. "मी व्हती ना तिथं."

"मला विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."

"ते पन म्हायत हाय. तेव्हा पन मी तिथंच व्हती." तिने गोणीवर बसलेली माशी उडवली. "आठ दिवस वाट बघितली मी. रोज परात घेऊन येत व्हती. वाटलं, आज बोलेल, आज बोलेल. तेवढ्यासाठीच येत व्हती शेवटी."

म्हणजे तो आठवडा शिकवण्याचा नव्हता. किंवा तोही होता. मी विचारलं, "क्लास सोडलास?"

"तुमचा सोडला. इथं कल्यानला जाते ना आता, स्टेशनच्या मागं. हे सर लय मारतात." ती हसली, जुनंच हसू. "या टायमाला ठान्याला कुस्तीत उतरतंस ना?"

"उतरते."

"मी पन."

टेम्पो आला, ड्रायव्हरने हॉर्न दिला. "आली रे, कोकलू नको!" ती ओरडली. मी गोणीला हात लावायला गेले तर तिने नको म्हणून खूण केली आणि गोणी डाव्या कुशीत घेतली. उजवा हात मागे पायरीवर टेकला, पाय रोवला, कंबर उचलली. दुसरा पाय मागे ओढताना तिची टाच माझ्या डोक्याला लागली. हलकीच, केसांना.

तिचा उजवा हात पायरीवरून उचलला गेला, माझ्या खांद्याच्या दिशेने निघाला आणि अर्ध्यावर थांबला. आम्ही दोघींनीही त्याच्याकडे पाहिलं. मग तो तिने मागे घेतला आणि गोणीच्या तळाशी लावला.

"चल," ती म्हणाली, आणि दोन पायऱ्या उतरून गेली.

टेम्पो वळला तरी मी तिथेच बसून होते, खांदा जरा पुढे केलेला.